चार नावांच्या बोक्याचा आवाज

बोकोबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चार पायांवर चालत होते. तळघरातल्या आमच्या डबिंग स्टुडिओत, हातांत लोकरीचे मोजे घालून, गुडघे टेकून ते एका लाकडी फळीवरून हळूहळू सरकत होते. समोरच्या पडद्यावर एक पांढरी मांजर जिना उतरत होती. ती थांबली की हे थांबायचे, तिनं उडी मारली की यांचे दोन्ही तळहात फळीवर पडायचे. थप. इतका छोटा आवाज की मला तो हेडफोनमधून ऐकू आला, काचेपलीकडून नाही.

मी तेव्हा नोकरीला नवीन होते, रेकॉर्डिंगच्या टेबलाशी मदतनीस. माझे साहेब म्हणाले, "हे आपले बोकोबा. यांना घाईघाईनं काही विचारायचं नाही. उत्तर यायला वेळ लागतो."

मला वाटलं, माणूस आढ्यताखोर असेल. तसं नव्हतं. बोकोबा बोलताना अडकायचे. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच दाराला कडी लावल्यासारखं थांबायचं. मान किंचित वाकडी व्हायची, डोळे मिटायचे आणि कधी तीन, कधी दहा सेकंदांनी शब्द बाहेर पडायचा. म्हणून ते शक्यतो बोलतच नसत. शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची, तिच्यात लिहून दाखवायचे.

त्यांचं काम होतं सिनेमाला आवाज पुरवायचं. पावलं, दारं, कपबशा, कपड्यांची सळसळ. कुत्रा, कबुतर, घोडा हेही ते करायचे, पण मांजर त्यांच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नसे. खरी मांजर सांगितल्यावर ओरडत नाही, आणि ओरडली तर नको तेव्हा ओरडते. त्यामुळे पडद्यावर मांजर आली की बोकोबांना बोलावणं यायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं.

एखादा दिग्दर्शक येऊन म्हणायचा, "काही नाही, फक्त एक म्याऊ हवंय." बोकोबा शांतपणे वही काढून लिहायचे, 'मांजर जेवलंय का? घर त्याचं स्वतःचं आहे की परकं? दार उघडेल असं त्याला वाटतंय का?' दिग्दर्शक आधी हसायचा. मग बोकोबा त्याला पाठोपाठ तीन म्याऊ काढून दाखवायचे: उपाशी मांजराचं, जेवून आणखी मागणाऱ्या मांजराचं, आणि कोणी येणार नाही हे कळूनही सवयीनं ओरडणाऱ्या मांजराचं. तिसरं ऐकल्यावर हसणं थांबायचं.

हे सगळं ते शिकले वडिलांच्या धान्याच्या गोदामात. उंदरांसाठी तिथं सात मांजरं पाळलेली होती. शाळेत यांना उभं करून धडा वाचायला सांगायचे आणि अख्खा वर्ग 'त-त-प-प, त-त-प-प' करून बाकं बडवायचा. शाळा सुटली की हे पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसायचे. मांजरांशी म्याऊच्या भाषेत बोलताना त्यांचा घसा कधीच अडकला नाही. मला हे त्यांनी एका दमात सांगितलं नाही. नऊ वर्षांत, चहाच्या वेळी, तुकड्यातुकड्यानं मी ते गोळा केलं.

घरी मात्र एकही मांजर नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मांजराच्या केसांनी शिंका यायच्या. एकदा त्यांच्याकडे गेले असताना वहिनी म्हणाल्या, "यांचा शर्ट मी दारातच झटकते. उगाच, माहितीय मला, खरं मांजर तिथं नसतंच. पण यांचं म्याऊ ऐकलं तरी माझं नाक हुळहुळतं." बोकोबा यावर इतके हसले की चहा सांडला.

मांजरांवर त्यांचं वाचनही दांडगं होतं. वाचनालयातून मुलांची पुस्तकं आणायचे आणि कोणत्या गोष्टीत मांजर कसलं आहे ते वहीत टिपून ठेवायचे. लबाड मांजर, ढोंगी भगत मांजर, मालकाला शहाणं करणारं मांजर, वाघाला धडे देणारी मावशी. सिनेमावर त्यांचा राग होता. "प-पुस्तकातल्या मांजराला काहीतरी क-काम असतं," ते एकदा म्हणाले. "सिनेमात काय? अंधारात अंगावर उ-उडी मारायची, नाहीतर खलनायकाच्या मांडीवर बसायचं. एवढंच."

मग तो बोका आला.

एका तरुण दिग्दर्शिकेनं मुलांसाठी चित्रपट काढला होता, हातानं चित्रं काढून केलेला. एक जुनी चार मजली इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि त्या लिफ्टमधून खालीवर करणारा एक जाडा, फाटक्या कानाचा म्हातारा बोका. पहिल्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमन त्याला 'साहेब' म्हणतो. दुसऱ्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई 'गोळ्या' म्हणतात. तिसऱ्यावरच्या दोघी बहिणी 'राजे' म्हणतात. चौथ्या मजल्यावरची आजी, जिचा मुलगा वर्षानुवर्षं आलेला नाही, ती 'बाळ' म्हणते. प्रत्येकाला वाटतं, बोका आपलाच. शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे तो चार वेळा जेवतो हे कोणाला कळत नाही. बोका या माणसांशी म्याऊ करतो आणि आपल्याशी, म्हणजे बघणाऱ्यांशी, माणसासारखा बोलतो.

बोलण्यासाठी त्यांनी एक नावाजलेला नट घेतला होता. म्याऊ, गुरगुर, जांभई, पावलं हे बोकोबांचं. नटाचा आवाज गोड, भरदार, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आम्ही दोन दिवस ध्वनिमुद्रण केलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं जोडून पाहिलं.

"हे दोन वेगवेगळे प्राणी आहेत," दिग्दर्शिका म्हणाली. "म्याऊ करतोय तो बोका खरा आहे. बोलतोय तो माणूस आहे, मांजराचा मुखवटा घातलेला."

ते खरंच होतं. शिवण दिसत होती.

"म्याऊ करणारे काका कुठं आहेत? त्यांनाच बोलू दे ना."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. तोपर्यंत बोकोबांनी तिच्यासमोर एक शब्दही काढला नव्हता. वहीत लिहून काम झालं होतं. तिला वाटत होतं, काका मितभाषी आहेत. मी तिला बाहेर जिन्यात नेऊन खरं काय ते सांगितलं. ती ओशाळली. पण दोन पायऱ्या चढून थांबली आणि म्हणाली, "तरी विचारून बघते. नाही म्हणाले तर नाही."

तिनं विचारलं. बोकोबांनी डोळे मिटले. "न... न..." आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. "नाही," ते म्हणाले आणि मोजे पिशवीत घालून निघून गेले.

चार दिवसांनी, सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच ते दारात उभे. हातात संवादांचे कागद होते, कडांनी मळलेले. मला म्हणाले, "ताई, फक्त तुम्ही. ब-बाकी कोणी नको. म-मशीन चालू करा, पण जमलं नाही तर प-पुसून टाकायचं."

मी कबूल केलं. दिवे मंद केले. पडद्यावर बोका लिफ्टमधून बाहेर आला. बोकोबांनी आधी गुरगुर सुरू केली, ती घशातल्या घशात घुमणारी, समाधानी. आणि मग ती गुरगुर न थांबवता, तिच्याच पाठीवर बसवून पहिलं वाक्य सोडलं, "पहिला मजला. इथं मासे मिळतात आणि जुनी पत्रं ऐकावी लागतात." कुठंही न अडकता! हा माणूस नऊ वर्षं माझ्यासमोर बसलेला, आणि हा आवाज मी ऐकलेला नव्हता. जाडसर, आळशी, थोडा खवचट.

पाच वाक्यं सरळ गेली. सहाव्याला ते अडकले. पडद्यावर पाहुण्यांची एक मुलगी बोक्याला विचारते, तुझं नाव काय? बोका आपल्याकडे वळून म्हणतो, "माझं नाव? कोणत्या मजल्यावरचं?" बोकोबांच्या ओठांवर 'म' आला आणि थांबला. मी मशीन बंद करायला हात पुढे केला, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. "म..." पडद्यावरचा बोका पापण्या मिटत होता, उघडत होता. "म... माझं नाव? क... कोणत्या मजल्यावरचं?"

ते घामाघूम होऊन बाहेर आले. "पुसा," म्हणाले.

मी म्हटलं, "पुसते. पण आधी एकदा ऐका."

मी लावून दाखवलं. त्या थांबण्यात बोका चारही नावं मनात चाळून बघतोय असं वाटत होतं. मांजरं तशीच असतात, जिन्याच्या मधोमध उगाच थांबतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना काहीतरी आठवलं. बोकोबांनी ते तीनदा ऐकलं. मग वही काढली आणि लिहिलं, 'तिला ऐकवा.'

दिग्दर्शिकेनं ऐकलं आणि नटाला अतिशय नम्र पत्र लिहून मोकळं केलं. पुढचे अकरा दिवस बोकोबा बोलत होते. बरीचशी वाक्यं गुरगुरीवर तरंगत पार झाली. जी अडकली त्यांतली काही पुन्हा केली, काही तशीच ठेवली. काय ठेवायचं ते बोकोबाच ठरवायचे.

चित्रपट चालला. गाजावाजा नव्हता, पण एका मुलानं दुसऱ्याला सांगावं तसा पसरत गेला. आणि मुलांनी नेमकं तेच वाक्य उचललं. बसमध्ये, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात कोणी नाव विचारलं की पोरं डोळे मिटायची आणि म्हणायची, "म... माझं नाव? क... कोणत्या मजल्यावरचं?"

आम्हाला वाटलं, बोकोबा हरखून जातील. एक दिवस ते कामावर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि खुणेनंच आत जायला सांगितलं. बोकोबा खिडकीशी बसले होते.

"बसस्टॉपवर सात-आठ मुलं होती," वहिनी हळूच म्हणाल्या. "तेच वाक्य म्हणत होती, हसत होती. हे तिथून चालत घरी आले. चार किलोमीटर. मी म्हटलं, अहो, ती लाडानं म्हणतात. बोका आवडलाय त्यांना. तर म्हणतात, हसण्याचा आवाज तोच आहे."

मला तो आवाज माहीत नव्हता. वर्गानं बाकं बडवलेली मी ऐकली नव्हती. आम्ही तिघं चहा पीत बसलो आणि निघताना ते म्हणाले, "स-सोमवारी येतो."

ते आले आणि त्याच आठवड्यात ते पत्र आलं. एका गृहस्थांनी स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवलं होतं. माझी मुलगी चौथीत आहे, बोलताना अडकते, असं त्यांनी लिहिलं होतं. तुमचा सिनेमा आल्यापासून वर्गात तिला सगळे बोका म्हणतात. हजेरीला तिचा नंबर आला की मागून कोणीतरी ते वाक्य म्हणतं. ती आता 'हजर' म्हणत नाही, गप्प राहते, आणि बाई तिची गैरहजेरी लावतात. तुमचा हेतू वाईट नसेल. पण तुम्हाला कळावं म्हणून कळवतो.

साहेबांना ते पत्र दडपायचं होतं. मीच ते बोकोबांना दिलं. बरोबर केलं की चूक, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"म-मला तिथं जायचंय," ते म्हणाले. "तुम्ही याल?"

आम्ही शनिवारी सकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं, भिंगाचा दिवा होता, बशीत इवले इवले स्क्रू होते. ते आमच्याशी तुटकपणे वागले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मुलगी आतल्या दारात उभी राहिली. दोन वेण्या, एक सुटलेली.

बोकोबा स्टुलावर बसले. म्हणाले, "तो ब... ब... बोका म... मी आहे." पुरं अर्धं मिनिट गेलं असेल.

मुलगी पुढं आली. तिनं त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही म-म-मुद्दाम नव्हतं केलं?"

"नाही. अ-अडकलो होतो."

"मोठं झाल्यावर ब-बरं होत नाही?"

मला वाटलं, आता हे काहीतरी धीराचं बोलतील. वडिलांचाही हातातला चिमटा थांबला होता.

"म-माझं नाही झालं," बोकोबा म्हणाले. "काहींचं होतं."

"मग तुम्ही काय करता?"

"खूप वर्षं ग-गप्प बसलो. ते काही खरं नाही. ल-लिहून लिहून हात दुखतो."

ती हसली. मग दोघं स्टुलावर नि पायरीवर बसून बोलत राहिली. कोणाचं कोणतं अक्षर किती अवघड, याची तुलना चालली होती. तिचा 'ह' वाईट होता, म्हणून 'हजर' जड जायचं. त्यांचा 'म'. 'म' वाईट असलेल्या माणसानं जन्मभर म्याऊ करावं, याची तिला फार गंमत वाटली. "म्याऊला क-कसं नाही अडकत?" तिनं विचारलं. "म-मांजराला कोणी घाई करत नाही ना," ते म्हणाले.

वडिलांनी आम्हाला चहा दिला आणि दाराबाहेर येऊन विचारलं, तुम्ही वर्गात याल का? शाळेचा वर्ग म्हणजे त्यांच्यासाठी काय, ते मला माहीत होतं. तरी बोकोबांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो. चाळीस मुलं, खिडकीच्या बाजूनं दप्तरांची रांग, फळ्यावर रंगीत खडूनं काढलेला बोका. बाई उत्साही होत्या. बोकोबांनी आधी मांजरं काढली: भांडणारी, भूक लागलेली, पिल्लाला हाक मारणारी. मुलं खूश. मग एकानं ओरडून मागणी केली, "ते वाक्य, ते वाक्य!"

बोकोबा उभे राहिले. "ते म... म..."

वर्गात खसखस पिकली. मुलांना वाटलं, बोका सुरू झाला. पण हे वाक्य ते नव्हतं, आणि थांबणं लांबत गेलं. बोकोबांचे डोळे मिटलेले, मान वाकडी. हसणं विरलं. बाई अस्वस्थ झाल्या आणि मदत म्हणून चटकन म्हणाल्या, "काका म्हणताहेत की ते मजेशीर वाक्य..."

"बाई, थ-थांबा," घड्याळजींची मुलगी उभी राहिली होती. "ते स-सांगताहेत. त्यांचं झालेलं नाही."

बाई थांबल्या. चाळीस मुलं थांबली.

"ते म... मी मुद्दाम नाही करत," बोकोबा म्हणाले. "मी असाच बोलतो. म-मी बोका नसतो तेव्हासुद्धा."

एवढंच. खाली बसले. भाषण असं काही झालंच नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, दुखत नाही, दमायला होतं. दुसऱ्यानं विचारलं, उंदीर येतो का काढता? त्यांनी उंदीर काढला.

सगळं एका दिवसात सुधारलं असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांनी वडिलांचं पत्र आलं. अजून कधीकधी कोणीतरी बोलतं, पण कमी. मुलीनं बाईंशी बोलून ठरवून घेतलंय, 'हजर'ऐवजी ती हात वर करते; आणि कधी लहर आली तर 'हजर' म्हणते, कितीही वेळ लागला तरी.

दोन वर्षांनी त्या बोक्याचा दुसरा चित्रपट निघाला. या वेळी पैसेवाला निर्माता होता आणि त्याचा एक माणूस सतत काचेशी उभा असायचा. संवादांच्या कागदावर त्यानं लाल पेनानं खुणा केल्या होत्या: इथं अडकणे, इथं अडकणे. लोकांना तेच आवडलंय, तो म्हणाला.

बोकोबांनी कागद वाचला आणि नीट घडी करून ठेवला.

"म-मुद्दाम अडकणार नाही," ते म्हणाले. "अडकलो तर अ-अडकलो. नाही तर नाही."

"अहो काका, पण तो तुमचा ट्रेडमार्क आहे!"

"त-तो माझा घसा आहे."

दिग्दर्शिकेनं तो कागद फाडला. त्या चित्रपटात बोका फक्त दोनदा अडकला, तेही कोणी अपेक्षा केली नव्हती अशा जागी. समीक्षकांनी लिहिलं की पहिल्यातली मजा नाही. मुलांनी तक्रार केली नाही.

त्यानंतर मांजराचे आवाज तयार मिळायला लागले. हवं ते निवडा, लावा. बोकोबांना बोलावणं कमी होत गेलं आणि साठी उलटल्यावर ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना ते लोकरीचे मोजे नवे करून दिले. वहिनींनी दारातच ते झटकले म्हणे.

आता ते शनिवारी सकाळी वाचनालयात मुलांना मांजरांच्या गोष्टी सांगतात. मी मागच्या महिन्यात गेले होते. वीस मिनिटांची गोष्ट त्यांच्याकडे पाऊण तास चालते. पोरं सतरंजीवर लोळत ऐकतात, मधे शब्द अडकला की कोणी बूट काढतं, कोणी नाकात बोट घालतं, आणि शब्द आला की पुन्हा वर बघतात. त्या दिवशी गोष्टीतली मांजर विहिरीच्या काठावर पोचली होती आणि वाचनालयाची वेळ संपत आली होती. ग्रंथपाल बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि जाऊन बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, म्हणजे गोष्ट संपेपर्यंत कोणी मधे येऊ नये.